आधी एलपीएन करू की थेट आरएन? अमेरिकेत नर्सिंगला जायचं म्हणणाऱ्यांसाठी

दरवर्षी मंडळाच्या गणपतीत आरती झाली, जेवणाची रांग लागली की कोणीतरी मला हळूच बाजूला घेतंच. "ताई, तुम्ही नर्सिंग केलंय ना, मला पण करायचंय, पण आधी एलपीएन करू का डायरेक्ट आरएन?" विचारणारी बहुतेक वेळा पस्तिशी-चाळिशीतली असते, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे न्यू जर्सीत आलेली, भारतात बी.कॉम. नाहीतर बी.ई. झालेली, मुलं आता जरा मोठी झालेली. आयटीतल्या ले-ऑफच्या बातम्या यायला लागल्यापासून तर नवरे पण विचारायला लागलेत, बायकोसाठी म्हणून सुरुवात करतात आणि दोन मिनिटांत कळतं की स्वतःसाठी विचारतायत. मी स्वतः आधी एलपीएन झाले आणि मग आरएन, म्हणजे लांबच्या रस्त्याने गेले, त्यात काही चुका केल्या, एक चांगलीच महाग पडली. हातात पत्रावळ धरून उभ्याउभ्या हे सगळं सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

आधी नावं समजून घेऊ

एलपीएन म्हणजे लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये तिलाच एलव्हीएन म्हणतात, म्हणजे व्होकेशनल, काम तेच. कोर्स साधारण वर्षभराचा. आरएन म्हणजे रजिस्टर्ड नर्स, आणि तिथे जायचे मुख्य रस्ते दोन, कम्युनिटी कॉलेजातली दोन वर्षांची असोसिएट डिग्री, जिला एडीएन म्हणतात, किंवा युनिव्हर्सिटीची चार वर्षांची बीएसएन. गंमत म्हणजे दोन वर्षंवाली आणि चार वर्षंवाली शेवटी एकच परीक्षा देतात आणि लायसन्सवरही फरक नसतो, दोघी आरएनच.

या सगळ्याच्या खाली सीएनए असते, नर्सिंग असिस्टंट. पेशंटला आंघोळ घालणं, कूस बदलणं, जेवू घालणं ही कामं तिची, आणि त्याला केंद्र सरकारच्या नियमाने किमान ७५ तासांचं ट्रेनिंग लागतं. कोणी "मी सहा आठवड्यांत नर्स झाले" असं सांगत असेल तर ती बहुतेक सीएनए झालेली असते.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. लोकांना वाटतं एलपीएन म्हणजे अर्धी आरएन, जसं अकरावी केली की बारावीच राहते तसं काहीतरी. तसं नाहीये. टू-व्हीलरचं लायसन्स म्हणजे फोर-व्हीलरचं अर्धं लायसन्स नसतं ना, तसं आहे हे. स्कूटर चालवलेल्या माणसाला रस्ता कळतो, सिग्नल कळतो, ट्रकवाला कुठून घुसेल ते कळतं, पण कारच्या टेस्टला तो परत पहिल्यापासून बसतो. एलपीएनची परीक्षा वेगळी, लायसन्स वेगळं, आणि कामाच्या कायद्यातल्या मर्यादा वेगळ्या.

कामात नेमका फरक काय

मी एलपीएन म्हणून नर्सिंग होममध्ये होते. नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचं डॉक्टरांचं छोटं हॉस्पिटल नव्हे बरं का, इथे ते म्हातारी माणसं राहतात ते ठिकाण, आपल्या भाषेत वृद्धाश्रम आणि हॉस्पिटल यांच्या मधलं काहीतरी. संध्याकाळच्या शिफ्टला माझ्याकडे पंचवीसच्या वर आजी-आजोबा असायचे आणि अर्धी शिफ्ट औषधाची गाडी ढकलण्यात जायची, त्याला तिकडे मेड पास म्हणतात. एकेकाच्या दहा-दहा गोळ्या, कोणाच्या सफरचंदाच्या गरात कुटून द्यायच्या, कोणाची आधी शुगर बघायची, कोणी गालात गोळी लपवून ठेवतं. मग जखमांची ड्रेसिंग, कॅथेटर, इन्सुलिन, आणि शेवटी चार्टिंग, म्हणजे जे जे केलं ते सगळं कॉम्प्युटरवर लिहायचं.

मग आरएन काय वेगळं करते? वरवर बघितलं तर काहीच नाही, दोघी तीच गोळी देतात. फरक निर्णयात आहे. एक आजोबा होते, बीपी ठीक, ताप नाही, पण दोन दिवस "बरं वाटत नाही" म्हणत होते. मी पाय बघितले तर घोट्याजवळ सूज, वजन बघितलं तर दोन दिवसांत वाढलेलं, ते लिहिलं आणि आरएनला बोलावलं. तिने छातीला स्टेथो लावला, आवाज ऐकले, हे हार्टचं दिसतंय असं ठरवलं, डॉक्टरला फोन केला, काळजीचा प्लॅन बदलला. माहिती गोळा करून पोचवणं माझं काम होतं आणि तिचा अर्थ लावून पुढचं ठरवणं तिचं. कायद्याने एलपीएन ही आरएन किंवा डॉक्टरच्या देखरेखीखाली काम करते. शिरेतून इंजेक्शन देणं, रक्त चढवणं अशा गोष्टींवर तिला बऱ्याच राज्यांत बंधनं आहेत, आणि ती प्रत्येक राज्यात वेगळी, त्यामुळे मैत्रीण ओहायोत काय करते ते तुम्हाला इथे लागू होईलच असं नाही.

आरएनच्या परीक्षेत तर हा फरक सरळ प्रश्नातच येतो, की चार पेशंट आहेत, यातला कोणता एलपीएनकडे सोपवाल? उत्तर बहुतेक वेळा ज्याची तब्येत स्थिर आहे आणि पुढे काय होणार याचा अंदाज आहे तो. पाठ करायला इथल्या मुली 'ईट' असा शब्द वापरतात, ई म्हणजे इव्हॅल्युएट, ए म्हणजे असेस, टी म्हणजे टीच, ही तीन कामं आरएनने स्वतःकडे ठेवायची. जे खाता येतं ते दुसऱ्याला द्यायचं नाही, असा पाणचट विनोद आहे तो. एलपीएन म्हणून काम केलेल्या बाईला मात्र हा प्रश्न पाठ करावा लागत नाही, आपण काय करू शकत नव्हतो ते तिला चांगलंच लक्षात असतं.

परीक्षा म्हणजे बाहेरून आलेला परीक्षक

परीक्षेचं नाव एनक्लेक्स, एलपीएनची वेगळी आणि आरएनची वेगळी. १९९४ पासून ती कॉम्प्युटरवर आहे आणि सगळ्यांना सारखे प्रश्न येत नाहीत. आपल्याकडे व्हायव्हाला बाहेरचा परीक्षक यायचा तो आठवा, एक उत्तर बरोबर दिलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की जरा सोपा, आणि त्याला खात्री पटली की "या तुम्ही". एनक्लेक्स तशीच चालते. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. ८५ ला कॉम्प्युटर बंद पडला की माणूस पास झाला का नापास या विचाराने वेडं होतं, मी पार्किंग लॉटमध्ये अर्धा तास नुसती बसून होते. एप्रिल २०२३ पासून तिचं स्वरूप बदललंय, आता एका पेशंटची अख्खी केस देतात आणि त्यावर एकामागून एक प्रश्न, त्यामुळे जुनी पुस्तकं कोणी फुकट दिली तरी घेऊ नका.

मग एलपीएन आधी केलं तर वेळ वाचतो का?

नाही. उलट बहुतेक वेळा एकूण वेळ जास्तच लागतो, आणि हे कोणी सांगत नाही.

हिशोब असा. थेट एडीएनला जायचं तर आधी काही विषय करून घ्यावे लागतात, ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायॉलॉजी, इंग्लिश, सायकॉलॉजी वगैरे. त्याला वर्ष-दीड वर्ष जातं, मग दोन वर्षं नर्सिंग, म्हणजे तीन-साडेतीन वर्षं. एलपीएन आधी केलं तर एक वर्ष एलपीएन, मग नोकरी, नोकरी करता करता तेच आधीचे विषय, मग एलपीएनवाल्यांसाठी असतो तो ब्रिज कोर्स, म्हणजे एडीएनच्या साधारण दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश. ब्रिज वर्षाचा असला तरी मधली नोकरी आणि विषय धरून चार-पाच वर्षं सहज जातात. मला सहा लागली.

फायदा आहे तो वेगळा, मध्येच पगार सुरू होतो. पुण्याहून कोल्हापूरला थेट गाडीने जाण्याऐवजी साताऱ्याला उतरून तिथे काही दिवस काम करून मग पुढची गाडी पकडण्यासारखं आहे ते. खिशात पैसे नसतील तर तोच शहाणपणाचा रस्ता, पण साताऱ्याहून पुढची गाडी आहे का, ती आपलं तिकीट चालवून घेते का, हे पुण्यातच विचारून निघायचं असतं.

पैशाचं बोलू. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या मे २०२४ च्या आकड्यांप्रमाणे एलपीएनचा मधला वार्षिक पगार ६२,३४० डॉलर आणि आरएनचा ९३,६००. मधला म्हणजे निम्म्या जणी त्याच्या वर आणि निम्म्या खाली, नवीन लागलेलीला एवढा मिळेल असं समजू नका. फरक झाला ३१,२६० डॉलरचा. म्हणजे आरएन व्हायला जेवढी वर्षं जास्त लागतील तेवढ्या वेळा साधारण एवढे पैसे हातचे जातात, आणि समोरच्या बाजूला एलपीएन म्हणून कमावलेली वर्षं मांडायची. घरात एकच पगार असेल आणि तो डळमळीत असेल तर एलपीएनचं पारडं जड होतं. नवऱ्याची नोकरी चालू आहे, घराचा हप्ता निघतोय, तर थेट आरएन. माझ्या वेळी नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं आणि मला काम करायची परवानगी होती, वर्षाच्या आत घरात पैसे यायला हवे होते, म्हणून मी तो रस्ता घेतला आणि त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते पुढच्या गोष्टीचं.

माझी महाग पडलेली चूक

मी एका खासगी करिअर स्कूलमध्ये एलपीएन केलं. जवळ होतं, संध्याकाळचे वर्ग होते, आणि लगेच ॲडमिशन दिली, तेव्हाच जरा थांबायला हवं होतं खरं तर. तिथे ॲनाटॉमी शिकवली, चांगली शिकवली, मार्कही चांगले पडले. तीन वर्षांनी ब्रिजसाठी कम्युनिटी कॉलेजात गेले तर तिथली बाई म्हणाली की तुमचं एलपीएन लायसन्स आम्हाला चालेल पण ही ॲनाटॉमी चालणार नाही. कारण त्या स्कूलमध्ये 'तास' मोजले जात होते आणि कॉलेजात 'क्रेडिट' मोजतात. तास म्हणजे तुम्ही वर्गात किती वेळ बसलात त्याची नोंद, क्रेडिट म्हणजे एका कॉलेजने दिलेली आणि दुसऱ्या कॉलेजने मानायची नोट. माझ्याकडे एका दुकानाची कुपनं होती आणि मी ती दुसऱ्या दुकानात चालवायला गेले होते. दोन्ही ॲनाटॉमी परत केल्या, दोन सेमिस्टर आणि त्याची फी.

शिवाय सायन्सच्या विषयांना मुदत असते. बऱ्याच कॉलेजात पाच ते सात वर्षांपेक्षा जुने विषय चालत नाहीत, त्यामुळे "आधी एलपीएन, मग मुलगा कॉलेजला गेला की बघू" असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, तोपर्यंत ते विषय शिळे झालेले असतात.

"पण मला काम करायची परवानगीच नाहीये"

हा प्रश्न आपल्या लोकांत सगळ्यात जास्त आणि यावर सगळ्यात कमी विचार होतो. एच-फोर व्हिसावर, म्हणजे इथे नोकरीला आलेल्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला मिळतो त्या व्हिसावर, शिकता येतं, शिकताना हॉस्पिटलमध्ये विद्यार्थी म्हणून बिनपगारी जावं लागतं तेही चालतं. नोकरीला मात्र ईएडी, म्हणजे काम करायच्या परवानगीचं कार्ड लागतं, आणि ते मे २०१५ पासून काही एच-फोरवाल्यांनाच मिळतं, साधारणपणे नवऱ्याचा किंवा बायकोचा ग्रीन कार्डचा अर्ज ठराविक टप्प्यापर्यंत मंजूर झालेला असेल तर. एलपीएन आधी करण्याचं एकमेव मोठं कारण काय, तर लवकर पगार. तुम्हाला पगार घेताच येणार नसेल तर साताऱ्याला उतरायचंच कशाला? मागच्या वर्षी एकीला हे सांगितलं तर ती गप्पच बसली, फी भरून आली होती.

ग्रीन कार्डसाठी नर्सना वेगळी सोय आहे हे खरंय, शेड्यूल ए म्हणतात तिला, ज्या कामांना माणसं कमी आहेत हे सरकारने आधीच मानलंय त्यांची ती यादी. पण त्यात आरएन आहे, एलपीएन नाही.

"मी भारतात बी.ई. आहे, त्याचा काही उपयोग?"

आहे, आणि तो बहुतेकींना माहीतच नसतो. कुठल्याही विषयातली पदवी असलेल्यांसाठी ॲक्सिलरेटेड बीएसएन असते, साधारण बारा ते अठरा महिन्यांची. भारतातल्या पदवीचं इथे मूल्यमापन करून घ्यायचं, सायन्सचे विषय करायचे, आणि थेट बीएसएन. म्हणजे एलपीएनपेक्षा थोडाच जास्त वेळ आणि हातात वरची डिग्री. तोटे पण आहेत, महाग असते, आणि त्या काळात नोकरी-बिकरी विसरा, स्वयंपाकसुद्धा विसरावा लागतो असं म्हणतात. तरी पदवीधर बाईने एलपीएनचा फॉर्म भरायच्या आधी हे एकदा बघावंच.

आणि भारतात जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, किंवा बी.एस्सी. नर्सिंग करून आलेल्यांनी तर एलपीएनच्या वाटेला जायची गरजच नाही. सीजीएफएनएस नावाची संस्था, २०२५ पासून तिचं नाव ट्रूमेरिट झालंय, ती कागदपत्रं तपासते, मग राज्याच्या नर्सिंग बोर्डाची परवानगी आणि थेट आरएनची एनक्लेक्स. कागद जमवायला वेळ लागतो, नाशिक-मुंबईला खेटे घालायला कोणीतरी भाऊ नाहीतर दीर लागतो, पण ते खेटे परत शिकण्यापेक्षा स्वस्त.

एलपीएन म्हणजे आपली एएनएम का?

माझ्या सासूबाईंना मी असंच सांगितलं होतं, पण ते बरोबर नाही. आपल्याकडे एएनएम म्हणजे मूळात गावची आरोग्यसेविका, बाळंतपणं, लसीकरण, गरोदर बायकांच्या भेटी, एका उपकेंद्राखाली सपाट भागात ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्या. एलपीएनला एवढी मोकळीक आणि एवढी जबाबदारी नसते, ती बाळंतपण करत नाही. शिडी मात्र ओळखीची आहे. तिकडे जीएनएम तीन वर्षांचं आणि त्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी., थेट बी.एस्सी. चार वर्षांचं. बघा, तिथेही टप्प्याटप्प्याने जाणारीला एक वर्ष जास्त लागतं.

"हॉस्पिटलवाले आता एलपीएन घेतात का?"

पूर्वीपेक्षा कमी. दुसऱ्या महायुद्धात नर्सेस कमी पडल्या तेव्हा प्रॅक्टिकल नर्सचे कोर्स भराभर वाढले, नंतर १९५२ मध्ये मिल्ड्रेड मॉन्टॅग यांनी कम्युनिटी कॉलेजांत दोन वर्षांत आरएन तयार करायचा प्रयोग सुरू केला आणि तो इतका चालला की एलपीएनची हॉस्पिटलमधली जागा हळूहळू आकसली. आज त्यांचं मुख्य काम नर्सिंग होम, घरी जाऊन सेवा आणि क्लिनिकमध्ये आहे. तुमच्या डोळ्यासमोर आयसीयू असेल तर एलपीएन करून तिथे पोचणार नाही. दुसरीकडे आरएनवरही वरून दाब आहे, न्यूयॉर्कने २०१७ मध्ये कायदा केला की नव्या आरएनने दहा वर्षांत बीएसएन पूर्ण करायची. म्हणजे एलपीएन, मग एडीएन, मग बीएसएन असा तीन टप्प्यांचा विचार करत असाल तर तिसरा टप्पाही हिशोबात धरा.

शॉर्टकटवाल्यांपासून सावध

जानेवारी २०२३ मध्ये ऑपरेशन नाइटिंगेल नावाची कारवाई झाली. दक्षिण फ्लोरिडातल्या तीन संस्थांनी ७,६०० पेक्षा जास्त खोटे डिप्लोमा आणि मार्कलिस्ट विकल्या होत्या, आरएनच्या पण आणि एलपीएनच्या पण. घेणाऱ्यांनी ते दाखवून एनक्लेक्स दिली आणि सुमारे २,४०० जण पास पण झाले, म्हणजे पेशंटला हात न लावता लायसन्स. २५ जणांवर गुन्हे दाखल झाले, मग राज्याराज्यांतली बोर्डं लायसन्स रद्द करत सुटली. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजूनही "सहा महिन्यांत ऑनलाइन आरएन" असे मेसेज येतात. थिअरी ऑनलाइन असू शकते, काही ब्रिज तसे आहेतही, पण पेशंटजवळ उभं राहून केलेले तास प्रत्यक्षच लागतात.

फी भरायच्या आधी काय करायचं ते सांगते. राज्याच्या नर्सिंग बोर्डाच्या साइटवर मान्यताप्राप्त शाळांची यादी असते, त्यात नाव नसेल तर विषय संपला. पहिल्याच प्रयत्नात एनक्लेक्स पास होणाऱ्यांचं प्रमाण विचारा, बरीच बोर्डं ते स्वतःच छापतात. आणि एलपीएनच करायचं ठरलं असेल तर आधी उलट्या बाजूने जा, ज्या कॉलेजात पुढे ब्रिज करायचाय तिथे फोन करा आणि विचारा की अमुक स्कूलमधल्या मुली तुम्ही घेता का, त्यांचे कोणते विषय धरता, जागा किती असतात आणि वेटिंग किती. फोनवर सगळे गोड बोलतात, मला पण "येस, येस, शुअर" म्हणाले होते, म्हणून फोन ठेवल्यावर तेच प्रश्न ईमेलने पाठवा आणि लेखी उत्तर येईपर्यंत चेकबुक काढू नका.